रोजची भाकरी, रोजची उपकारस्तुती



अडीअडचणीला कुणी धावून आले की आपण म्हणतो, "तुमचे उपकार जन्मभर विसरणार नाही." म्हणतो खरे, पण चार दिवस गेले की विसरतोही. माणसाचा स्वभावच तसा. या विसराळूपणावर ख्रिस्ती धर्माने एक तोड काढली आहे. तिला मराठी ख्रिस्ती मंडळी 'उपकारस्तुती' म्हणतात. देवाचे उपकार आठवायचे, ते तोंडाने बोलायचे आणि त्याची स्तुती करायची, असा या शब्दाचा साधा अर्थ. पण ती रोज कशासाठी? आणि ज्या दिवशी घरात पुरेसे खायला नाही, त्या दिवशी ती कोणत्या तोंडाने करायची? आज आपण या दोन प्रश्नांचा विचार करू.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बायबलातल्या एका जुन्या कथेत सापडते. इस्राएल लोक मिसर देशाच्या गुलामीतून सुटले आणि रानात आले. तिथे ना शेत ना बाजार. तेव्हा रोज सकाळी जमिनीवर त्यांना अन्न पडलेले मिळू लागले. त्याला ते मान्ना म्हणत. ज्याने त्याने त्या दिवसापुरते वेचावे, असा नियम होता. काहींनी हावरेपणाने उद्यासाठी ठेवले, तर त्यात किडे पडले. शब्बाथाच्या विसाव्यासाठी आदल्या दिवशी दुप्पट वेचायची तेवढी मोकळीक होती. पुढे येशूने शिष्यांना प्रार्थना शिकवली, तिच्यातही भाकरी मागितली आहे ती त्या दिवसापुरतीच. कणगी भरून द्या, असे मागणे तिथे नाही. आता, जी गोष्ट रोज मिळते तिचे आभार वर्षातून एकदा मानून कसे भागेल? कालच्या जेवणाने आजची भूक जात नाही. कालच्या आभारांचेही तसेच आहे.

लूकच्या शुभवर्तमानात दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट आहे. शिक्षकांनी ती वर्गात अवश्य सांगावी. येशूने त्या दहांना सांगितले, "जा, याजकांना दाखवा." वाटेतच ते बरे झाले. एकटा मागे फिरला, येशूच्या पाया पडला आणि त्याचे आभार मानले. तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांना परके मानत त्यांच्यातला. येशूने विचारले, बाकीचे नऊ कुठे आहेत? आपण त्या नऊ जणांना लगेच कृतघ्न ठरवतो. पण असे पाहा, त्यांनी काही वाईट केले नव्हते. सांगितल्याप्रमाणे ते याजकांकडेच चालले होते. बहुधा घरी जाण्याचीही घाई असेल. आपणही बहुतेक वेळा त्या नवांतलेच असतो. मनात वाईट नसते, फक्त मागे वळायला सवड नसते.

ही सवड रोज मिळावी म्हणून ख्रिस्ती घरात दिवसाला एक वळण लावलेले असते. सकाळी उठल्यावर थोडी प्रार्थना. जेवणापूर्वी डोळे मिटून दोन शब्द. दिवेलागणीनंतर सगळे कुटुंब एकत्र बसते. पवित्र शास्त्रातला एक भाग वाचला जातो, एखादे गीत होते, मग घरातले कुणीतरी त्या दिवसाबद्दल प्रार्थना करते. वसईकडच्या कॅथलिक घरांत संध्याकाळी जपमाळ होते. मराठी ख्रिस्ती भक्तीला अभंगाचा सूर दिला तो ना. वा. टिळकांनी. टिळकांचा जन्म 1861चा, बाप्तिस्मा 1895चा. त्यांच्या रचना आजही मराठी चर्चमधून म्हटल्या जातात. वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन लोकांत ऑक्टोबरात आगेरा असतो. भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये नेतात आणि त्यांना आशीर्वाद मिळतो. नवे धान्य आधी देवापुढे ठेवायचे, ही रीत कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नाही.

इथवर सारे सोपे आहे. पण पीकच आले नाही तर?

माझी आजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली. 1972च्या दुष्काळात ती खडी फोडायला जाई. तिने सांगितलेली ही हकिगत. संध्याकाळी मिलोची लालसर भाकरी नि मीठ-मिरची पुढे आली की ती हात जोडी. एके दिवशी आजोबा चिडले. म्हणाले, "विहीर आटली, बैल विकला. आता कशाचं आभार मानतीस गं?"

आजी म्हणाली, "ताटात आलं तेवढ्याचं. न्हाई आलं त्याचं मागणं येगळं मागते की! दोन्ही एकात कशाला कालवता?"

आजी फारशी शिकलेली नव्हती. पण मोठमोठ्या ग्रंथांचा मुद्दा तिने दोन वाक्यांत सांगितला. दुष्काळाबद्दल ती आभार मानीत नव्हती. संत पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिले, की कोणत्याही स्थितीत असा, आभार सोडू नका. दुःखाला सुख म्हणा, असे त्याने लिहिले नाही. बायबलातल्या स्तोत्रांत तर आभारांच्या शेजारीच मोठमोठ्या तक्रारी आहेत. देवा, तू कुठे लपलास, असेही भक्त विचारतो. उपकारस्तुती करणाऱ्याने तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसावा, अशी काही ही शिकवण नाही. खुद्द येशूने पकडले जाण्यापूर्वीच्या रात्री भाकरी हाती घेतली, आभार मानले, मग ती मोडून शिष्यांना दिली. त्याच प्रसंगाची आठवण म्हणजे प्रभुभोजन. त्याला ग्रीक भाषेतून आलेले जे जुने नाव आहे, त्याचा अर्थच मुळी 'आभार मानणे' असा आहे.

या प्रसंगात आणखी एक गोष्ट आहे. आभार मानले आणि भाकरी वाटली, या दोन क्रिया एकामागून एक आल्या. पंडिता रमाबाईंचे आईवडील 1870च्या दशकातल्या दुष्काळात गेले. रमाबाई स्वतः वाचल्या. पुढे 1896-97चा दुष्काळ पडला तेव्हा त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावचे मुक्ती मिशन त्यातूनच वाढले. आपण वाचलो याचे आभार त्यांनी असे मानले.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना एवढेच सुचवावेसे वाटते. मुलांना 'आभारी आहे' हे शब्द पाठ करून घेऊ नका. दिवस मावळताना त्यांना दोन गोष्टी विचारा. आज तुला कुणाकडून काय मिळाले? आणि त्यातले तू कुणाला काय दिलेस? मूल कोणत्याही धर्माच्या घरातले असो, त्याला हे प्रश्न कळतील. आजीचे सांगायचे तर, त्या सालीही आमच्या घरी एक चतकोर बाजूला निघे. शेजारची म्हातारी एकटी होती, तिला तो पोचता करायचा आणि मगच आपण जेवायला बसायचे, असा तिचा दंडक होता.