वारस नोंद रखडली की सवलतींचे काय होते?



कर्ता माणूस गेल्यावर तेराव्यापर्यंत घरात कोणी बोलत नाही. चौदाव्या दिवशी मात्र सातबाऱ्याचा विषय निघतोच. त्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "ताई, तुझं नाव जमिनीला लागलं की तुझा निराधारचा पगार बंद होईल बघ. त्यापेक्षा हक्कसोड करून दे, आम्ही भाऊ आहोतच की." सांगणारा दरवेळी लबाडच असतो असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळदा त्यालाही तसेच वाटत असते. पण हे बोलणे अर्धेच खरे आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यापायी बाईचा एकरभर ऊस जातो. म्हणून हा विषय जरा उकलून सांगत आहोत.

आधी योजनांचा स्वभाव पाहू. संजय गांधी निराधार योजना १९८० सालची. विधवा, परित्यक्ता, अपंग, निराधार अशांसाठी ती आहे. पासष्टी ओलांडलेल्यांना श्रावणबाळ योजना लागू होते. २०२३ साली यांचे अनुदान महिना १,५०० रुपये झाले. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा मात्र २१,००० रुपयेच राहिली. (अपंगांसाठी ती ५०,००० आहे.) २१,००० म्हणजे दिवसाला सत्तावन्न-अठ्ठावन्न रुपये. एवढ्यात घर कसे चालवायचे ते मर्यादा ठरवणारांनाच ठाऊक! ते असो. मुद्दा असा की ही योजना विचारते ते उत्पन्न. सातबाऱ्यावर नाव चढले, एवढ्याने ती आपोआप बंद होत नाही.

पीएम-किसान आणि २०२३ साली तिच्या जोडीला आलेली राज्याची नमो शेतकरी योजना, या दोन्हींचा स्वभाव नेमका उलटा आहे. प्रत्येकी वर्षाला ६,००० रुपये मिळतात, पण त्या आधी नाव विचारतात. जमीन तुमच्या नावावर नसेल, तर ती कसत असूनही हप्ता नाही. १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख त्यात ठरलेली आहे. त्यानंतर विकत घेतलेली जमीन चालत नाही, मात्र खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाने आलेल्या जमिनीला योजनेच्या नियमांतच अपवाद ठेवला आहे. सबब नोंद रखडली की या योजनांतला लाभ वारसाला मिळत नाही. आणखी एक. मयताच्या खात्यात हप्ते पडत राहिले व घरच्यांनी एटीएमवरून ते काढले, तर ती रक्कम वसूल होऊ शकते. मृत्यूची खबर वेळेवर द्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

आता उदाहरण घेऊ. समजा, पैठण तालुक्यात कालव्याखाली चार एकर बागाईत आहे, आणि शहरात गुलमंडीच्या बोळात जुन्या घराच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. पैठण गेटातून टिळकपथाने गुलमंडीवर बाजाराला जाणाऱ्या आपल्या सभासदांपैकी काहींची अशी जुनी जागा असते, आणि वारस लावताना ती हमखास विसरली जाते. मिळकत स्वकष्टार्जित आहे आणि मृत्युपत्र नाही. मागे पत्नी, दोन मुलगे आणि माहेरी राहणारी विधवा मुलगी, जिला निराधारचे अनुदान चालू आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने चौघांचा हिस्सा सारखा, म्हणजे चौथाई. वडिलोपार्जित जमिनीत हिशेब थोडा वेगळा पडतो, पण तिथेही मुलगी मुलाच्या बरोबरीचीच. मुस्लिम सभासदांच्या घरी शरियतप्रमाणे हिस्से पडतात. मुले असतील तर पत्नीचा आठवा.

मुलीच्या वाट्याला एक एकर आला. ऊस एकरी ३० टन धरू. तोडणी-वाहतूक जाऊन टनाला अडीच हजार हाती आले असे समजू, म्हणजे ७५ हजार. मशागत, खत, पाणीपट्टी यात निम्मे गेले तरी साडेसदतीस हजार उरतात. अनुदान वर्षाचे १८ हजार. म्हणजे भाऊ म्हणतो ते खरे, ऊस तिच्या हाती आला की २१,००० ची मर्यादा ओलांडेल आणि अनुदान जाईल. पण ते जाईल ते दुपटीने मिळाल्यावर! शिवाय जमीन राहते ती राहतेच. तोच एकर कोरडवाहू निघाला, तर उत्पन्न मर्यादेच्या आतही राहील आणि अनुदान चालू राहू शकेल. गुलमंडीच्या भाड्यातला तिचा चौथा हिस्साही उत्पन्नात धरावा लागतो, हे विसरू नये.

खरी अडचण मधल्या काळाची. नोंद झाली, वाटप झाले नाही, जमीन भाऊच कसतात, बहिणीच्या हाती दमडी नाही. अशा वेळी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठ्याकडे (२०२४ पासूनचे नाव ग्राम महसूल अधिकारी) जबाब देताना हीच वस्तुस्थिती सांगावी : हिस्सा आहे, वाटप नाही, उत्पन्न भाऊ घेतात. खोटे सांगू नये आणि गप्पही राहू नये. निर्णय तहसील पातळीवर होतो. लपवून घेतलेले अनुदान पुढे अंगावर येते. खरे सांगून घेतलेल्याची भीती नाही.

हक्कसोडपत्राची घाई तर मुळीच करू नये. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवले गेले की परत फिरवणे फार अवघड. वारस म्हणून नाव लावणे वेगळे आणि हक्क सोडणे वेगळे. दोन्ही कागद एकाच दिवशी पुढे आले, तर सही करण्याआधी घरी नेऊन कुणा जाणत्याकडून वाचून घ्यावेत.

नोंदीसाठी महसूल कायद्याने तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, प्रतिज्ञापत्र द्यावे. नोटीस निघते, हरकतींना पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. थोरल्याचेच नाव 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून लागले असेल, तर बाकीच्यांची नावे उताऱ्यावर दिसत नाहीत आणि किसानचा अर्ज तिथेच अडतो. मयतांची नावे काढून वारस लावण्यासाठी एप्रिल २०२५ पासून राज्यभर जिवंत सातबारा मोहीम झाली; तिच्यात आपले नाव लागले की नाही, हे उतारा काढून पाहावे. गुलमंडीच्या जागेचे काम तलाठ्याकडे होत नाही. त्यासाठी नगर भूमापन कार्यालयात मालमत्ता पत्रकावर वारस लावावे लागतात, आणि महापालिकेच्या कर आकारणीत नाव वेगळे बदलावे लागते.

काही मदत वाटपासाठी थांबत नाही. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाख रुपये मिळतात आणि त्यात पती वा पत्नीचा हक्क पहिला असतो. अर्ज कृषी खात्याकडे लवकरात लवकर करावा. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला ५९ वर्षांपर्यंतचा कमावता गेला, तर राष्ट्रीय कुटुंब लाभाचे २०,००० तहसीलमधून मिळतात.

राहिला आपल्या कारखान्याचा भाग. मयत सभासदाचा शेअर सहकार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे नामनिर्देशित व्यक्तीकडे जातो, नसेल तर वारसाकडे. पण नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे. त्या व्यक्तीने पैसे सांभाळायचे, बाकीच्या वारसांचा हक्क बुडत नाही. उभ्या उसाची नोंद मयताच्या नावे असेल, तर गळीत सुरू होण्याआधी मृत्यूचा दाखला, नवा उतारा आणि सर्व वारसांचे संमतीपत्र गट ऑफिसात द्यावे. संमतीपत्रावर बिल कुणाच्या खात्यात किती, हे अक्षरी लिहावे. त्यात बहिणीचे खाते वेगळे लिहिले, तर उत्पन्नाच्या दाखल्याला तोच कागद उपयोगी पडतो.