मग बॉम्ब ठेवले कोणी?

तिसऱ्या वर्षाचा मिनी प्रोजेक्ट आठवतोय? आमचा विषय होता पाण्याच्या टाकीचा ऑटोमॅटिक कंट्रोलर. आईचा फराळाचा डबा, त्यात ब्रेडबोर्ड, ५५५ टायमर, एक रिले, नऊ व्होल्टची बॅटरी, लाल-काळ्या वायरींचा गुंता आणि वर उलटे आकडे मोजणारा सेव्हन सेगमेंट डिस्प्ले! असला डबा घेऊन तुम्ही लोकलने व्हायवाला निघालात आणि नेमकी स्टेशनवर बॅग उघडायला लावली, तर काय होईल? तेच झालं.

आम्ही दोघं होतो, मी आणि माझा प्रोजेक्ट पार्टनर. दोघांकडे एकाच कॉलेजचं आयकार्ड, दोघांची जर्नल्स सारखीच (त्याचं मी उतरवलेलं). माझं आयकार्ड बघून साहेब म्हणाले, "तू जा." त्याचं बघून म्हणाले, "तू जरा थांब." फरक फक्त नावाचा होता, जास्त सांगायला नको. मी गेलो नाही, बाहेर बाकड्यावर बसून राहिलो. अडीच तास. त्याच्या मोबाईलमधले फोटो बघितले गेले, मूळ गाव विचारलं, वडील काय करतात ते विचारलं. "टायमर लावायला कोणी शिकवलं?" असंही विचारलं. तो म्हणाला, "सरांनी." नंतर कॅन्टीनमध्ये या उत्तरावर आम्ही पोट धरून हसलो. तो काही हसला नाही. खरं सांगायचं तर तिथला हवालदार माणूस म्हणून चांगला होता, त्याने याला चहासुद्धा पाजला. पण व्हायवा बुडाली ती बुडालीच.

घरी हे सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "अडीच तास थांबला तर काय बिघडलं रे? सुटला ना?" काकांना असं बोलायचा हक्क आहे असं मला वाटतं. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी ते चर्चगेटहून घरी यायला निघाले होते. त्या दिवशी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अवघ्या ११ मिनिटांत ७ स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. सगळे फर्स्ट क्लासच्या डब्यांत. १८० हून अधिक माणसं गेली, ८०० च्या वर जखमी झाली. काकांची गाडी मागे अडकली. रुळांवरून चालत येताना त्यांनी जे बघितलं ते त्यांनी आम्हाला कधीही सांगितलेलं नाही. पण आजही ते फर्स्ट क्लासचा पास काढत नाहीत.

आणि मग २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. २०१५ मध्ये विशेष कोर्टाने त्यातल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली होती. काकांनी पेपर खाली ठेवला आणि मला विचारलं, "तुझे ते नागरी हक्क ठीक आहेत. मग बॉम्ब ठेवले कोणी?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून वाचायला बसलो. कायद्याचा मी विद्यार्थी नाही, तेव्हा समजलं तेवढंच सांगतो.

आपल्याकडे दहशतवादविरोधी कायद्यांची एक साखळीच आहे. १९८५ साली टाडा आला, १९८७ मध्ये नव्याने आला आणि १९९५ मध्ये त्याची मुदत संपू दिली गेली, कारण हजारोंना पकडूनही शिक्षा अगदी थोड्यांनाच झाली. मग २००१ चा वटहुकूम आणि २००२ चा पोटा. तो २००४ मध्ये रद्द झाला, पण त्यातला बराच भाग त्याच वर्षी १९६७ च्या यूएपीए कायद्यात जाऊन बसला. २६/११ नंतर डिसेंबर २००८ मध्ये यूएपीए आणखी कडक झाला आणि एनआयए स्थापन झाली. २०१९ पासून तर संघटनेलाच नव्हे, एकट्या माणसालाही सरकार दहशतवादी जाहीर करू शकतं. शिवाय महाराष्ट्राचा स्वतःचा १९९९ चा मोक्का आहेच. तो मुळात गँगवॉरसाठी आणलेला.

या कायद्यांत नेमकं काय जास्तीचं असतं? मुख्य गोष्टी तीन.

पहिली मुदत. साध्या गंभीर गुन्ह्यात पोलिसांनी ९० दिवसांत चार्जशीट दिली नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. यूएपीएमध्ये ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवता येते. तुलना म्हणून ब्रिटन बघा. लंडनच्या ७ जुलै २००५ च्या स्फोटांनंतर तिथल्या सरकारने आरोप न ठेवता ९० दिवस डांबून ठेवण्याचा अधिकार मागितला, तो संसदेने फेटाळला. २८ दिवस दिले आणि २०११ मध्ये तेही परत १४ वर आणले. दोन्हीकडची पद्धत वेगळी आहे, त्यामुळे आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत हे मान्य. पण दिलेला अधिकार नंतर कमीही करता येतो, हे तिथे दिसलं.

दुसरी जामीन. यूएपीएच्या कलम ४३-डी(५) प्रमाणे आरोप "सकृद्दर्शनी खरे" वाटले की जामीन नाही. आणि सकृद्दर्शनी म्हणजे पोलिसांच्या कागदांवरून. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची फार चिरफाड करू नये. २०२१ मध्ये त्याच कोर्टाने म्हटलं की खटला वर्षानुवर्षं रेंगाळत असेल तर हे कलम असूनही जामीन देता येतो. खालच्या कोर्टाने यातलं काय धरायचं? ज्याचं त्याचं नशीब.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कबुलीजबाब. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यापासून आहे (आता नव्या साक्ष अधिनियमातही आहे). म्हणजे बघा, खुद्द इंग्रजांचासुद्धा आपल्या पोलिसांवर एवढा भरवसा नव्हता! टाडा, पोटा आणि मोक्का यांनी हा नियम बाजूला सारला. मोक्कात एसपी किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरची कबुली चालते. यूएपीएमध्ये मात्र चालत नाही. लोकल स्फोटांचा खटला मोक्काखाली चालला.

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. सप्टेंबर २००६ संपता संपता पोलिसांनी पत्रकार परिषद घेऊन तपास लागल्याचं जाहीर केलं. म्हणजे स्फोटांनंतर तीन महिन्यांच्या आत. सगळं शहर उत्तर मागत होतं आणि उत्तर मिळालं. त्या उत्तरात कबुलीजबाबांचा वाटा मोठा होता. पुढे २००८ मध्ये मुंबई पोलिसांच्याच दुसऱ्या शाखेने इंडियन मुजाहिदीनची माणसं पकडली, तेव्हा या स्फोटांची वेगळीच कहाणी बाहेर आली. एकाच शहराच्या पोलिसांकडे एकाच गुन्ह्याच्या दोन गोष्टी! हायकोर्टाने २०२५ मध्ये काय पाहिलं? वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांत भाग सारखेच. छळ झाल्याच्या खुणा. ज्या साक्षीदारांनी आरोपींना ओळखलं त्यातले काही शंभरहून जास्त दिवस गप्प होते. आणि आपल्या शाखेच्या माणसाला खटकेल ती गोष्ट म्हणजे, बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते हेसुद्धा सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. आपल्या जर्नलमध्ये रीडिंग्ज कॉपी केलेली असली तर सर पूर्ण पानावर लाल रेघ मारतात. इथे पाच फाशी होत्या.

महाराष्ट्र सरकार लगेच सुप्रीम कोर्टात गेलं. त्या कोर्टाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायचा नाही असं सांगितलं, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला लावलं नाही. फाशी झालेल्या पाचांपैकी एक जण निकाल ऐकायला उरलाच नव्हता. तो २०२१ मध्ये कैदेत असतानाच कोविडने गेला. आणखी एक जण २०१५ मध्येच निर्दोष सुटला होता, नऊ वर्षं आत काढून.

म्हणजे काकांना मी एवढंच म्हणू शकतो की बॉम्ब कोणी ठेवले हे आपल्याला १९ वर्षांनी माहीत नाही, कारण २००६ मध्ये ते आपल्याला माहीत झालं असं आपण धरून चाललो. फाईल बंद झाली की शोध बंद होतो. सैल अधिकार देऊन आपण थोडं स्वातंत्र्य गमावतो आणि बदल्यात सुरक्षा मिळवतो, असा हिशेब सांगितला जातो. इथे दोन्ही गेलं.

याच्या उलट उदाहरण आपल्याच शहरात आहे. २६/११ चं. १६६ बळी. कसाबचा कबुलीजबाब मॅजिस्ट्रेटसमोर झाला, त्याला वकील मिळाला, सीसीटीव्हीचं चित्रण, डीएनए आणि फोनवरचं रेकॉर्ड झालेलं संभाषण कोर्टासमोर आलं. शिक्षा विशेष कोर्टात, हायकोर्टात आणि सुप्रीम कोर्टात, तिन्हीकडे टिकली. त्याच विशेष कोर्टाने दोन भारतीय आरोपींना पुरावा पुरत नाही म्हणून सोडलं. तेव्हा ते खूप जणांना आवडलं नव्हतं.

आता थोडं गणित, कारण आपलं मासिक आहे. समजा एक कोटी लोकांत १०० दहशतवादी आहेत आणि तुमच्याकडे ९९ टक्के अचूक संशययंत्र आहे. (आकडे मी मनाने घेतलेत.) यंत्र १०० पैकी ९९ जणांना पकडेल. वा! पण उरलेल्या ९९,९९,९०० निरपराधांपैकीही एक टक्का, म्हणजे सुमारे एक लाख लोक पकडले जातील. यंत्राने बोट दाखवलेला माणूस खरंच दहशतवादी असण्याची शक्यता निघते हजारात एक! एम-फोरला बेज थिअरम पाठ केला होता तो हाच. आणि आपलं खरं संशययंत्र ९९ टक्के अचूक नाही, ते नाव वाचतं. म्हणून बॅग तपासणं मला मान्य आहे, माझीही तपासा. पण संशय हा फक्त पहिला फिल्टर. दुसरा फिल्टर म्हणजे पुरावा, तोच काढून टाकला तर ते एक लाख लोक आतच राहतात.

हा दुसरा फिल्टर सैल करण्याचा दबाव येतो कुठून? बराचसा टीव्हीवरून. लाल पट्टी, ढोल, "सूत्रांच्या माहितीनुसार", आणि पकडल्याच्या दिवशीच प्रत्येक जण "मास्टरमाइंड". सुटल्याची बातमी आतल्या पानावर. २६/११ ला तर चॅनलवाल्यांनी कमांडोंच्या हालचाली लाइव्ह दाखवल्या. त्याबद्दल सुप्रीम कोर्टाने २०१२ च्या कसाब निकालात त्यांना चांगलंच झापलं. २०१५ पासून नियमच आहे की कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, अधिकाऱ्याने वेळोवेळी द्यायची तेवढीच माहिती. पण त्याच रात्री एका मुंबईच्या वृत्तपत्राचा छायाचित्रकार सीएसटीवर कॅमेरा घेऊन उभा होता. त्याचे फोटो आणि त्याची साक्ष कोर्टात पुरावा ठरली. दोन्ही मीडियाच.

आणि हे एका धर्मापुरतं नाही. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत आधी नऊ मुसलमान पकडले गेले. नंतर एनआयएने वेगळ्याच लोकांवर चार्जशीट दिली आणि २०१६ मध्ये कोर्टाने पहिल्यांना आरोपमुक्त केलं, तोवर त्यातला एक वारला होता. मालेगावच्याच २००८ च्या स्फोटातले सातही हिंदू आरोपी ३१ जुलै २०२५ ला निर्दोष सुटले, १७ वर्षांनी. लोकल स्फोटांच्या निकालानंतर दहाच दिवसांनी. त्या दहा दिवसांत आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर गंमत बघण्यासारखी होती. २१ तारखेला संतापलेले ३१ ला पेढे वाटत होते, आणि २१ ला आनंदलेले ३१ ला संतापले. मेलेल्यांची घरं दोन्ही वेळेला रिकाम्या हातांनी परत गेली.

हे सगळं मी काकांना सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे ज्यांनी केलं ते अजून बाहेर फिरत असतील." मी म्हटलं, "असतील, काका." ते उठून गॅलरीत गेले.

प्रोजेक्टचं म्हणाल तर व्हायवा परत झाली, सरांनी समजून घेतलं. डबा आता लॅबमध्येच असतो. बाहेर न्यायचा झाला तर एचओडींच्या सहीचं पत्र सोबत घेतो आणि तो मी नेतो, पार्टनर पुढच्या लोकलने येतो. ही आयडिया त्याचीच.