सोलमधला दस्तरखान

मुलांनो, शहरातील एखाद्या दुकानात तुम्ही लाल पाकिटातील तिखट कोरियन शेवया पाहिल्या असतील. आपल्या जत तालुक्यापासून कोरिया हजारो किलोमीटर दूर आहे. तरीही तेथील खाणे आता आपल्या राज्यात येऊन पोहोचले आहे. पुणे जिल्ह्यात रांजणगाव येथे एल. जी. या कोरियन कंपनीचा मोठा कारखाना आहे. तळेगाव येथील मोटारींचा कारखाना ह्युंदाई या कोरियन कंपनीने घेतला आहे. अशा कारखान्यांच्या निमित्ताने कोरियन माणसे पुण्यात राहू लागली आणि त्यांच्या आवडीचे जेवण देणारी हॉटेलेही निघाली.

उद्या तुमच्यापैकी कोणी शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी खुद्द कोरियालाच जाईल. तेथे पोहोचल्यावर भाषेच्या आधी भुकेचा प्रश्न उभा राहतो. समोरच्या ताटातले काय खावे आणि काय खाऊ नये? डुकराचे मांस आणि दारू या दोन्ही गोष्टी कोरियन लोकांच्या रोजच्या खाण्यापिण्यात आहेत. म्हणून घाबरून बिस्किटे आणि केळी खाऊन दिवस काढणारे विद्यार्थी असतात. तसेच डोळे मिटून जे मिळेल ते खाणारेही असतात. या दोन्हींची गरज नाही. थोडी माहिती असली की कोरियात पोटभर, चवीचे आणि हलाल जेवण मिळते.

दक्षिण कोरियाची राजधानी सोल. या शहरात इतेवॉन नावाचा भाग आहे. तेथे एका टेकडीवर मोठी मशीद आहे. ती १९७६ साली नमाजासाठी खुली झाली. जागा कोरियाच्या सरकारने दिली आणि बांधकामासाठी सौदी अरेबिया व इतर मुस्लिम देशांनी पैसा दिला. कोरियात इस्लामची ओळख मुख्यतः कोरियन युद्धाच्या काळात झाली. १९५० ते १९५३ या काळात तेथे युद्ध चालू होते. तुर्कस्तानचे सैनिक त्या युद्धात लढायला गेले होते. त्यांच्या बरोबरच्या इमामांकडून काही कोरियन लोकांनी इस्लामची माहिती घेतली. त्याच युद्धात आपल्या भारतानेही सैनिक डॉक्टरांचे एक पथक पाठवले होते. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज हे त्याचे प्रमुख होते. बंदूक चालवण्यासाठी नव्हे, तर जखमींवर उपचार करण्यासाठी हे पथक गेले होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

इतेवॉनच्या त्या मशिदीकडे चढत जाणाऱ्या रस्त्यावर हलाल मांसाची दुकाने आणि लहान लहान हॉटेले आहेत. बिर्याणी आणि कबाब तर तेथे मिळतातच. पण आपल्याला आज पाहायची आहेत ती कोरियन जेवण हलाल पद्धतीने देणारी हॉटेले. चला, अशाच एका हॉटेलात जाऊन बसू.

आत शिरण्यापूर्वी दारावरची पाटी वाचा. कोरियाच्या पर्यटन संस्थेने मुसलमान पाहुण्यांसाठी हॉटेलांचे चार प्रकार ठरवले आहेत. पहिल्या प्रकारातील हॉटेलाला कोरिया मुस्लिम फेडरेशन या संस्थेने तपासून हलालचे प्रमाणपत्र दिलेले असते. दुसऱ्या प्रकारात मालक किंवा आचारी स्वतः मुसलमान असतो आणि आपले सगळे जेवण हलाल असल्याचे तो स्वतः जाहीर करतो. तिसऱ्या प्रकारात काही पदार्थ हलाल असतात, पण त्याच हॉटेलात दारूही विकली जात असेल. चौथ्या प्रकारात डुकराचे मांस नसते, एवढेच. तेथील कोंबडी किंवा इतर मांस हलाल असेलच असे नाही. पुष्कळ लोक फसतात ते या चौथ्या पाटीला. ‘डुक्कर नाही’ आणि ‘हलाल आहे’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पाटी लावणारा खोटे बोलत नसतो. वाचणाराच घाईत असतो.

बसल्यावर तुम्ही काही मागण्याच्या आधीच लहान लहान वाट्या समोर येऊ लागतात. कोणत्या वाटीत मोड आलेली कडधान्ये, कोणत्या वाटीत पालक, मुळा किंवा वांगे. या वाट्यांना ‘बानचान’ म्हणतात. त्यांचे वेगळे पैसे बहुधा नसतात आणि संपल्या तर पुन्हा मिळतात. आपल्याकडे खानावळीत भाकरीबरोबर कांदा, लिंबू आणि शेंगांची चटणी येते ना, तसेच हे. मात्र तेथे त्याचा थाट मोठा असतो.

या वाट्यांमध्ये एक वाटी हमखास लाल असते. ती किमचीची. किमची नसेल तर कोरियन माणसाला जेवण झाल्यासारखे वाटत नाही. ती कशी करतात ते नीट समजून घ्या, कारण कोरियन स्वयंपाकाची किल्ली तिच्यातच आहे.

लांबट आकाराचा एक कोबी कोरियात पिकतो. तो उभा चिरून मिठात मुरत ठेवतात. पाने मऊ पडली की धुऊन निथळतात. मग लाल तिखट, लसूण, आले आणि मुळा यांचे वाटण एकेका पानाला आतून चोळतात. हा कोबी मातीच्या मोठ्या रांजणात दाबून भरतात. पूर्वी हे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरून ठेवत. हिवाळ्याच्या तोंडावर घरातील आणि शेजारच्या बायका एकत्र जमून शेकडो कोबींची किमची करत. आता पुरुषही हात लावतात. या सामुदायिक कामाला ‘किमजांग’ म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने त्याला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली.

आता आपल्या जतकडे पाहा. आपला भाग कोरडा आणि कडक उन्हाचा. म्हणून आपल्या घरातील साठवणीची कामे उन्हाळ्यात होतात. कुरडया, पापड, सांडगे, वाळवलेल्या मिरच्या, सगळे उन्हाच्या जोरावर टिकते. द्राक्षेसुद्धा आपण वाळवूनच बेदाणे करून ठेवतो. कोरियात हिवाळा इतका कडक असतो की पाणी गोठते आणि शेतात हिरवे पान दिसत नाही. तेथे ऊन मदतीला येत नाही. म्हणून त्यांनी मीठ आणि थंडी यांची मदत घेतली आणि भाजी आंबवून टिकवली. काम तेच, बायकांची लगबगही तीच. फक्त आपल्या आया छपरावर वाळवण घालतात आणि तेथील आया रांजण भरतात.

आंबवणे ही गोष्ट आपल्यालाही नवी नाही. उन्हाळ्यात ज्वारीच्या पिठाची आंबील तुम्ही प्यायला असाल. इडलीचे पीठ रात्रभर ठेवले की फुगते आणि आंबूस होते. हे काम अगदी सूक्ष्म जिवाणू करतात. त्यांपैकी ल्युकोनोस्टॉक नावाचे जिवाणू इडलीच्या पिठातही असतात आणि किमचीच्या रांजणातही असतात. म्हणून किमची जिभेवर ठेवताच जो आंबटपणा जाणवतो, तो तुम्हांला अगदीच अनोळखी वाटणार नाही. वासाचे मात्र सांगता येत नाही. तो पहिल्या दिवशी अनेकांना आवडत नाही, आणि आठवड्यानंतर तीच माणसे दुसरी वाटी मागतात.

किमचीत लपलेली एक गोष्ट मात्र विचारून घ्यावी. तिच्या वाटणात बहुधा खारवलेले मासे किंवा खारवलेली बारीक कोळंबी घालतात. मासे हलालच आहेत. कोळंबीविषयी आपल्यात एकमत नाही. शाफई मसलकात ती चालते. हनफी उलेमांमध्ये मतभेद आहेत. तुमच्या घरी जे पाळले जाते ते तुम्ही आईवडिलांना विचारूनच ठेवा.

आता मुख्य जेवण मागू. पहिल्यांदा जाणाऱ्याने ‘बिबिमबाप’ मागावे, असे मला वाटते. ‘बिबिम’ म्हणजे कालवणे आणि ‘बाप’ म्हणजे भात. हसू नका, कोरियन भाषेत भाताला खरोखरच बाप म्हणतात! खोलगट भांड्यात गरम भात, त्यावर गाजर, पालक, काकडी, मोड, अळंबी यांच्या वेगवेगळ्या राशी आणि मधोमध अंडे असते. इतके सुंदर मांडलेले ताट तुम्ही चमच्याने सरळ कालवायचे असते. न कालवता कडेकडेने खाल्ले तर वाढणारी बाई येऊन तुम्हांला कालवून देईल.

कालवताना त्यात लाल, दाट आणि किंचित गोड अशी एक चटणी घालतात. तिचे नाव ‘गोचुजांग’. लाल तिखट, चिकट तांदूळ, सोयाबीन आणि मीठ यांपासून ती बनते आणि महिनोन् महिने मुरते. मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ती आपल्याकडे आणली. कोरियातही ती त्या शतकाच्या अखेरीस पोहोचली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आपला खर्डा आणि त्यांची गोचुजांग या दोघांचेही वय सारखेच म्हणायचे.

खरी काळजी घ्यायची ती या चटणीच्या बाबतीत. पानातला मांसाचा तुकडा डोळ्यांना दिसतो, त्याबद्दल आपण विचारतो. चटणीत काय आहे ते दिसत नाही. कारखान्यात बनणाऱ्या गोचुजांगमध्ये आणि सोयाबीनच्या काळ्या रसात ती टिकावी म्हणून पुष्कळदा मद्यार्क घालतात. मांसाचा वास जावा म्हणून स्वयंपाकात दारूचा शिडकावा करण्याचीही तेथे पद्धत आहे. म्हणून भाजीचा पदार्थ मागितला की सगळे प्रश्न सुटले, असे समजू नये. हलाल हॉटेलाचा खरा उपयोग येथे होतो. तेथील आचारी केवळ हलाल मांस आणून थांबत नाही. त्याला मद्यार्क नसलेली चटणी आणि रस शोधून आणावा लागतो. जे मांस मिळते त्यातलेही बरेचसे ऑस्ट्रेलियासारख्या बाहेरच्या देशांतून हलालचा शिक्का घेऊन येते. त्यामुळे अशा हॉटेलातील जेवण थोडे महाग असले तर नवल नाही.

मांसाहारी पदार्थांमध्ये कोंबडीचे प्रकार आपल्या जिभेला लवकर पटतात. ‘दाक’ म्हणजे कोंबडी. ‘दाकगाल्बी’ हा चुंचॉन शहराचा पदार्थ. मोठ्या तव्यावर कोंबडी, कोबी आणि रताळी गोचुजांगमध्ये परततात. तवा जेवणाऱ्यांच्या समोरच ठेवलेला असतो. ‘जिमदाक’ हा आंदोंग शहराचा. त्यात कोंबडी आणि बटाटे सोयाबीनच्या काळ्या रसात शिजवतात आणि शेवटी रताळ्याच्या पिठाच्या पारदर्शक शेवया घालतात. ‘सामग्येतांग’ पाहिले की तुम्हांला घरची यखनी आठवेल. लहान कोंबडीच्या पोटात तांदूळ, लसूण, खजुरासारखे दिसणारे एक फळ आणि जिनसेंग नावाची औषधी मुळी भरून ती सावकाश उकळतात. गंमत अशी की हा वाफाळणारा रस्सा कोरियन लोक ऐन उन्हाळ्यातील सर्वांत गरम दिवसांत मुद्दाम पितात. उष्णतेला उष्णतेनेच जिंकावे, अशी त्यांच्यात समजूत आहे. जतच्या मे महिन्यात हा प्रयोग करायला कोणी तयार होईल असे वाटत नाही!

मांस भाजून खाण्याचा ‘बुल्गोगी’ हा प्रकारही प्रसिद्ध आहे. ‘बुल’ म्हणजे आग आणि ‘गोगी’ म्हणजे मांस. पातळ कापलेले मांस सोयाबीनचा रस, तिळाचे तेल, लसूण आणि किसलेले नासपती यांत मुरवतात. नासपतीमुळे मांस मऊ होते. आपल्या घरी यासाठी कच्ची पपई लावतात, हे तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिले असेल.

हलाल हॉटेल जवळ नसेल तेव्हा काय करायचे? विचारायचे. त्यासाठी दोन शब्द पाठ करा. ‘द्वेजीगोगी’ म्हणजे डुकराचे मांस आणि ‘सुल’ म्हणजे दारू. भाताच्या सुरळीला ‘किमबाप’ म्हणतात. ती वरून फक्त समुद्री शेवाळाची हिरवी-काळी गुंडाळी दिसते, पण आत बहुधा डुकराच्या मांसाची पट्टी असते. ‘द्वेजीगोगी नको’ एवढे सांगितले तरी विक्रेता ती काढून देईल. पण तेवढ्यावर समाधान मानू नका. त्याच सुरीने आणि त्याच फळीवर आधीची सुरळी कापलेली असते. अशा ठिकाणी ती सुरळी न घेतलेलीच बरी. विचारण्यात संकोच नको आणि आवाजात तुच्छताही नको. आपण त्यांच्या खाण्याला नावे ठेवत नाही, आपले खाणे निवडतो आहोत, हे आपल्या बोलण्यावरून समजले पाहिजे.

हीच सवय आपल्याकडच्या दुकानातही उपयोगी पडते. भारतात विकल्या जाणाऱ्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो. त्याचा अर्थ त्यात मांस, मासे किंवा अंडे नाही, एवढाच आहे. मद्यार्काबद्दल तो ठिपका काही सांगत नाही. कोरियातून आलेल्या शेवयांच्या काही पाकिटांवर हलालचा शिक्का असतो, काहींवर नसतो. एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या दोन पाकिटांतही असा फरक असू शकतो. म्हणून पाकीट उलटे करून मागचा बारीक मजकूर वाचावा.

आता पुन्हा आपल्या टेबलाकडे येऊ. कोरियन लोक भात आणि रस्सा चमच्याने खातात आणि वाट्यांतील भाज्या धातूच्या दोन काड्यांनी उचलतात. काड्या जमल्या नाहीत तर चमचा आहेच, कोणी हसणार नाही. वडीलधाऱ्यांनी पहिला घास घेतल्याशिवाय धाकटे जेवायला सुरुवात करत नाहीत. मोठ्यांना काही द्यायचे असेल तर दोन्ही हातांनी देतात. हे नियम तुम्हांला नव्याने शिकावे लागणार नाहीत.

जेवण संपत आले की काही ठिकाणी दगडी भांड्यातला भात काढून घेतात आणि तळाला लागलेल्या करपट थरावर गरम पाणी ओततात. थोड्या वेळाने तो थर सुटतो आणि पाण्याला भाजक्या तांदळाचा खमंग वास येतो. हे पाणी ते जेवणाच्या शेवटी घोट घोट पितात. त्याला ‘सुंगन्युंग’ म्हणतात. भांड्याच्या तळाच्या त्या थराला आपण मराठीत खरवड म्हणतो आणि तुमच्या घरी खुरचन म्हणतात. ती कोणी खायची यावरून भावंडांत होणारी भांडणे तुम्हांला ठाऊकच आहेत.