गवतावर उभा असलेला बोरचा डोंगर

वर्ध्याहून सुमारे तीस किलोमीटरवर, सेलू तालुक्यात हिंगणी हे गाव आहे. पर्यटकांना ते बोर व्याघ्र प्रकल्पाचे प्रवेशद्वार म्हणून ठाऊक असते. गावापासून पाच किलोमीटरवर बोरधरण लागते आणि तेथून जंगल सुरू होते. वाघाच्या शोधात निघालेल्यांचे लक्ष वाटेवरच्या पांढऱ्याशुभ्र गुरांकडे क्वचितच जाते. या भागाची खरी ओळख मात्र त्या गुरांतही दडलेली आहे.

सातपुड्याच्या या टेकड्यांवर मातीचा थर पातळ आहे. उतारावर साग, मोह, टेंभुर्णी आणि बांबू वाढतात, तर मोकळ्या माळावर पावसाळ्यात गवत माजते. शेतीला अपुरी पडणारी ही जमीन गुरांना मात्र पुरत असे. त्यामुळेच आर्वी, आष्टी, कारंजा आणि सेलू या पट्ट्यात नंदगवळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गवळाऊ जातीची गुरे राखली. हलक्या बांध्याचे, लांब पल्ल्याचे आणि दुडक्या चालीचे गवळाऊ बैल गाडीसाठी नावाजले गेले. गाई दूध बेताचेच देत. पण रानच्या चाऱ्यावर त्यांचा निभाव लागे. दूध, तूप आणि खवा यांवर गवळ्यांचा संसार चाले. १९४१ मध्ये जमनालाल बजाज यांनी गोसेवेचे कार्य हाती घेतले आणि वर्ध्याचे नाव गोपालनाशी जोडले गेले. तेथील गोरस भांडार आणि गोरसपाक आजही प्रसिद्ध आहेत.

पुढे चराईचा भूगोल बदलत गेला. १९६५ मध्ये बोर धरण पूर्ण झाले. १९७० मध्ये अभयारण्य घोषित झाले आणि २०१४ मध्ये त्याला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. १३८ चौरस किलोमीटरचा हा प्रकल्प देशातील लहान व्याघ्र प्रकल्पांपैकी एक असून जलाशयाने त्याचे दोन भाग केले आहेत. क्षेत्र एवढे आटोपशीर असल्याने वाघ आणि गुरे यांच्यातील अंतर सहज मिटते. गुरांवर हल्ला झाला, की गवळ्याचे भांडवलच जाते. जंगलात चराई वाढली, तर हरणांचे गवत कमी होते आणि वाघाचे भक्ष्य घटते. दोन्ही बाजू एकाच गवतावर अवलंबून आहेत.

२००६ च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क आणि पशुपालक समाजांचा हंगामी वापर मान्य केला आहे. मात्र अनुसूचित जमातीबाहेरच्या दावेदारांना तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. कागदापेक्षा पायवाटेवर जगलेल्या गवळ्याला हा पुरावा गोळा करणे सोपे नाही. दुसरीकडे ट्रॅक्टरने बैलांची गरज घटवली आणि संकरित गाईंनी दुधाचा बाजार व्यापला. अशा वेळी गवळाऊ टिकवायची, तर गोठ्यातील पैदाशीइतकेच गावालगतच्या गायरानाकडे लक्ष द्यावे लागेल. गवत राहिले, तरच हिंगणीच्या रस्त्यावर वाघाच्या वाटेइतकीच गुरांची वाटही जिवंत राहील.