कांद्याच्या सालींची शाल

ज्या हातांनी एके काळी घरातल्या प्रत्येक लेकराचा स्वेटर विणला, तेच हात आता मांडीवर स्वस्थ पडलेले दिसतात. आपल्या आईच्या किंवा सासूबाईंच्या बाबतीत हे दृश्य आपण पाहिले असेल. कदाचित ते हात आपले स्वतःचेच असतील. सांधे आखडतात, नजर मंदावते, मोजणी चुकू लागते आणि सुया कपाटात जातात. त्या पुन्हा बाहेर काढायच्या असतील तर मोठ्या, अवघड नमुन्याने आरंभ करू नये. घरात रंगवलेल्या लोकरीची एक साधी त्रिकोणी शाल या कामी पुरेशी आहे.

लोकर आणि रंग

प्रथम लोकर पारखून घ्यावी. बाजारात लोकर म्हणून मिळणारा बराच धागा ॲक्रिलिकचा असतो आणि त्यावर वनस्पतींचा रंग चढत नाही. बोटभर धागा चिमट्यात धरून ताटलीवर जाळून पाहावा. खऱ्या लोकरीला केस जळाल्यासारखा वास येतो व तिची राख बोटांनी चुरडते. ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी बनतो. ही परीक्षा घरातल्या धडधाकट माणसानेच करावी.

मध्यम जाडीची, पांढरी, 200 ग्रॅम लोकर घ्यावी. तिच्या पन्नास-पन्नास ग्रॅमच्या चार लडी करून प्रत्येक लडी तीन-चार ठिकाणी सैल बांधावी. कांद्याच्या वाळलेल्या साली सुमारे 100 ग्रॅम लागतील. घरात तेवढ्या जमायला बरेच दिवस जातात. भाजीवाल्याकडे मागितल्यास तो आनंदाने देतो. साली निवडणे, लडी बांधणे ही कामे बसल्या जागी होणारी आहेत. ती ज्येष्ठांकडेच सोपवावीत.

रंग टिकावा म्हणून तुरटी हवी. सुमारे 20 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून ती स्टीलच्या मोठ्या पातेल्यातील कोमट पाण्यात मिसळावी. भिजवलेली लोकर त्यात सोडून मंद आचेवर तासभर ठेवावी आणि त्याच पाण्यात निवू द्यावी. पाणी खळखळ उकळू देऊ नये. एकाएकी गरम-थंड झालेली किंवा घुसळलेली लोकर आटून नमद्यासारखी घट्ट होते.

साली वेगळ्या पाऊण तास उकळून पाणी गाळून घ्यावे व कोमट होऊ द्यावे. त्यात एकेक लडी क्रमाने रंगवावी. पहिली गडद तांबूस होते, पुढची सोनेरी, त्यानंतरच्या अधिकाधिक फिक्या. एकाच पातेल्यातून चार छटा मिळतात आणि त्या एकमेकींना शोभतातही. हळदीचा पिवळा रंग मोहक असला तरी उन्हात लवकर उडतो, म्हणून शालीसाठी तो टाळावा.

आच, जड पातेले आणि गरम पाणी यांची जबाबदारी काळजी घेणाऱ्याने स्वतःकडे ठेवावी. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असल्यास भाजल्याचे चटकन कळत नाही. विस्मरण असलेल्या व्यक्तीच्या हाताशी रंगाचे पाणी ठेवू नये. ते चहा समजून पिण्याची शक्यता असते. रंगाची भांडी स्वयंपाकाला पुन्हा वापरू नयेत.

विणीची आखणी

सुईवर तीन टाके घालावेत. प्रत्येक ओळीत पहिला टाका विणून सुईवर धाग्याचा एक वेढा घ्यावा व उरलेले सर्व टाके सुलट विणावेत. तो वेढाही पुढच्या ओळीत टाका म्हणून विणावा. नमुना एवढाच. प्रत्येक ओळीला एक टाका वाढतो, कडेला नाजूक जाळी उमटते आणि शाल टोकाकडून खांद्याकडे रुंदावत जाते.

आरंभ सर्वांत फिक्या लडीने करावा, कारण फिक्या धाग्यावर टाके स्पष्ट दिसतात. गडद लडी शेवटी, मानेजवळ यावी. तेथे मळ लवकर धरतो. पहिली लडी संपते तेव्हा शालीची उंची जवळजवळ निम्मी झालेली असते, कारण टोकाकडच्या ओळी लहान असतात. पुढच्या तीन लडी उरलेल्या निम्म्यात जातात. हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर ‘काम पुढेच सरकत नाही’ म्हणून मन खट्टू होते.

सुया पाच मिलिमीटर जाडीच्या, शक्यतो बांबूच्या व मधे लवचीक तार असलेल्या घ्याव्यात. म्हणजे शालीचा भार मनगटांवर न येता मांडीवर राहतो. दर पंधरा-वीस मिनिटांनी सुया खाली ठेवून बोटे उघडावीत, मिटावीत. अंगठ्याच्या मुळाशी दुखणे वाढले किंवा बोटांना मुंग्या आल्या तर काम थांबवून डॉक्टरांचा अथवा फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा.

चुका कोणत्या सुधाराव्यात?

काळजी घेणाऱ्याची खरी कसोटी येथे लागते. विणकाम हा स्मृतिभ्रंशावरील उपचार नव्हे. तरीही हातांना पूर्वी जडलेली सवय नावे-तारखा विसरल्यानंतरही पुष्कळदा टिकून असते. कालची भेट न आठवणारी आई सुलट टाका मात्र अचूक विणताना दिसू शकते. अशा वेळी वेढा घ्यायचा राहिला, एखादी ओळ उलट विणली गेली, तर ते तसेच असू द्यावे. रात्री त्या झोपल्यावर गुपचूप उसवून नीट करण्याचा मोहही आवरावा. सकाळी काम कमी झालेले त्यांना जाणवले, तर आपल्या हातांवरचा त्यांचा विश्वास डळमळतो. फक्त सुटलेला टाका तेवढा त्यांच्यासमोरच, सांगून, क्रोशाच्या सुईने उचलावा. तो तसाच राहिला तर खालपर्यंत उसवत जातो.

या आकाराचा आणखी एक गुण आहे. तो कोणत्याही दिवशी पूर्ण होऊ शकतो. चारही लडी संपल्या तर शाल होते, दोनच संपल्या तर गळ्याशी गुंडाळायचा रुमाल. हात थकले, आजारपण आले, विणणे पुढे जमेनासे झाले, तर शेवटच्या ओळीच्या चौपट लांबीचा धागा राखून टाके सैलसर बंद करावेत. मागे अर्धवट काम राहत नाही. जेवढे विणले तेवढे पूर्णच असते.

शाल कोमट पाण्यात सौम्य साबणाने, न चोळता धुवावी, टॉवेलात दाबून पाणी काढावे आणि सावलीत आडवी पसरून वाळवावी. मग विणणारीच्या खांद्यावर ती आपल्या हाताने पांघरावी. कोणी विचारले, ‘कुठून घेतली?’ तर उत्तर आपण देऊ नये. ते त्यांनाच देऊ द्यावे.