भिंत सोडते, टेप नाही

कचेरीतला बोर्ड पडला की आपण आधी कोपरा तुटला का ते बघतो. खरी बघायची जागा असते त्याची पाठ. पाठीवरच्या डबल टेपला भिंतीच्या रंगाचा एक सलग पापुद्रा चिकटून आलेला असतो. नखाने खरवडला तर रंगाखाली पुट्टीची पांढरी पूड निघते, आणि इमारत जुनी असेल तर तिच्याही खाली नीळ घातलेल्या चुन्याचा फिकट निळसर थर दिसतो. टेपने आपलं काम चोख केलं होतं. त्याने जे धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. रंगानेच पुट्टीची साथ सोडली, नाहीतर पुट्टीने चुन्याची. टेप भिंतीला चिकटत नाही, भिंतीच्या सगळ्यात वरच्या थराला चिकटतो, आणि बोर्डाचं वजन मधल्या सगळ्यात कच्च्या थरावर येतं. हे एकदा कळलं की दुकानात टेप मागण्याआधी आपण भिंतीला हात लावून बघायला लागतो.

हे बोर्ड शोभेचे नसतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला, तेव्हापासून कार्यालय कोणत्या सेवा देतं, किती दिवसांत देतं, फी किती आणि अपील कुणाकडे करायचं, हे तिथल्या सूचना फलकावर लावणं बंधनकारक आहे. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा २०१३ चा कायदा खासगी मालकालाही सांगतो की अंतर्गत समिती नेमल्याचा आदेश आणि छळ केल्यास होणारे परिणाम ठळक जागी लावा. किनवटजवळच्या तांड्यावरून तहसील कचेरीत आलेल्या माणसाला आपला हक्क कळतो तो भिंतीवरूनच. तो बोर्ड कपाटामागे पडलेला असला तर त्याच्यापुरता कायदाही तिथेच पडून राहतो. म्हणून चिकटपट्टीचा विचार मला किरकोळ वाटत नाही.

मुळात एक वस्तू दुसरीला चिकटते म्हणजे काय होतं? याचं सगळ्यात देखणं उत्तर त्याच कचेरीच्या ट्यूबलाइटजवळ बसलेलं असतं. पालीच्या पायाला ना डिंक असतो, ना शोषून धरणाऱ्या वाट्या. केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० आणि २००२ साली टोके जातीच्या मोठ्या पालीवर केलेल्या प्रयोगांतून दाखवलं की तिच्या एकेका पायावर सुमारे पाच लाख अतिसूक्ष्म केस असतात, प्रत्येक केसाला शेकडो फाटे फुटलेले असतात, आणि ती चपटी टोकं भिंतीच्या इतकी जवळ जातात की दोन्हीकडचे रेणूच एकमेकांना ओढू लागतात. ही ओढ व्हॅन डर वाल्स बल म्हणून ओळखली जाते. ती जगातल्या सगळ्या पदार्थांत असते, पण मिलिमीटरच्या लाखाव्या भागाएवढ्या अंतरापलीकडे जवळजवळ संपते. आपल्या टेपवरचा चिकट थर याच ओढीवर जगतो. पालीने केसांनी साधलेली जवळीक टेप वाहून साधतो: दाबला की त्याचा मऊ थर भिंतीच्या खाचाखळग्यांत हळूहळू उतरतो आणि रेणूंना रेणू भेटतात.

धूळ इथेच घात करते. नांदेडला मार्च-एप्रिलमध्ये खिडकी उघडी राहिली तर संध्याकाळपर्यंत टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं; तीच धूळ भिंतीवरही असते. टेप मग धुळीला चिकटतो, भिंतीला नाही. प्लॅस्टिक पेंटच्या भिंतीवर ओल्या फडक्याने पुसून ती पूर्ण वाळू द्यायची, आणि बोर्डाची पाठ सॅनिटायझरमधल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलसारख्या उडून जाणाऱ्या द्रवाने पुसायची. सॅनिटायझरच मात्र वापरू नये, त्यातलं ग्लिसरीन मागे तेलकट पदर ठेवतं.

काही पदार्थ मात्र कितीही स्वच्छ पुसा, जवळ येऊच देत नाहीत. फ्लेक्स-प्रिंटिंगच्या दुकानात दोन प्रकारचे पांढरे पत्रे मिळतात. सनबोर्ड हा फुगवलेल्या पीव्हीसीचा. त्याला टेप घट्ट बसतो. सनपॅक हा आतून पोकळ नळ्यांचा, पॉलिप्रॉपिलीनचा, खूप स्वस्त. तोच टेप सनपॅकवरून काही दिवसांत सोलून निघतो. पृष्ठभागावरचे रेणू बाहेरच्यांना किती जोराने ओढतात याला पृष्ठऊर्जा म्हणतात; पॉलिप्रॉपिलीनची पृष्ठऊर्जा पीव्हीसी आणि अ‍ॅक्रिलिकपेक्षा बरीच कमी, आणि टेफ्लॉनची तर त्याहूनही कमी. कोरड्या टेफ्लॉनवर पालसुद्धा घसरते! डाग धरू नयेत म्हणून बनवलेल्या महागड्या धुता येणाऱ्या रंगांचंही हेच होतं. ज्या गुणामुळे भिंत चहाचा डाग धरत नाही, त्याच गुणामुळे ती टेपही धरत नाही. सनपॅक लावायचाच असेल तर तो चिकटवू नये, बांधावा किंवा चौकटीत बसवावा.

आता भिंत. लातूर-नांदेडच्या जुन्या कचेऱ्यांत चुना, त्यावर डिस्टेंपर, त्यावर पुन्हा डिस्टेंपर असे वर्षानुवर्षांचे थर असतात. तळहात जोरात घासून बघा. हात पांढरा झाला तर त्या भिंतीवर कुठलाच टेप टिकणार नाही. हात स्वच्छ राहिला तर चिकटपट्टीचा एक तुकडा नखाने घासून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीवर रंग आला की भिंतीने उत्तर दिलं. पायथ्याशी लोणा लागलेली भिंत तर आतून बाहेर ढकलत असते: जमिनीतलं पाणी विटांतून वर चढतं, पृष्ठभागाशी येऊन उडून जातं, क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. तिथे चार फूट वर सरका किंवा दुसरी भिंत शोधा. बाकी ठिकाणी बोर्ड बसेल तेवढाच तुकडा पत्रीने खरवडून, पॉलिश पेपर मारून, एक हात प्रायमर दिला तरी खूप फरक पडतो.

या सगळ्यात मला सगळ्यात अद्भुत वाटते ती टेपच्या चिकट थराची दुहेरी प्रकृती. तो एकाच वेळी द्रवही आहे आणि घनही. भिंतीत उतरायचं तर त्याला वाहता आलं पाहिजे, आणि वजन पेलायचं तर वाहून चालत नाही. मग काय करतो? वेळेप्रमाणे वागतो. झटका दिला तर घट्ट रबर, महिनोन्‌महिने हळू ओढलं तर अतिशय दाट मध. थ्रीएम कंपनीने १९८० साली बाजारात आणलेला जाड अ‍ॅक्रिलिक फोम टेप झटक्यात ओढला तर दर चौरस सेंटिमीटरला काही किलोंचा ताण सोसतो. तरी कायम टांगलेल्या वजनासाठी त्याचा हिशेब आहे दर किलोला सुमारे ५५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जेमतेम १८ ग्रॅम. शेकडो पटींचा हा फरक नुसत्या सावधगिरीपोटी ठेवलेला नाही, तो मुख्यतः काळाचा आहे. एका क्षणाच्या ताकदीला दिवसांनी आणि वर्षांनी भागलं की एवढंच उरतं.

तीन बाय दोन फुटांचा, पाच मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड साधारण दीड किलो भरतो. त्याला सुमारे ८३ चौरस सेंटिमीटर टेप हवा, म्हणजे २४ मिलिमीटर रुंदीची पट्टी जवळपास ३५ सेंटिमीटर. चार कोपऱ्यांना नखाएवढे चार तुकडे लावून हा हिशेब कधीच जमत नाही. आणि साधा स्वस्त फोम टेप असेल तर त्याचा पांढरा स्पंजच मधून फाटतो. चिकट थर दोन्ही बाजूंना जागच्या जागी राहतात.

वाहण्याला उष्णता मदत करते. म्हणून जानेवारीत नीट बसलेला बोर्ड एप्रिलमध्ये पश्चिमेच्या भिंतीवरून बोटभर खाली सरकलेला दिसतो. याची दुसरी बाजू अशी की हिवाळ्यात सकाळी सकाळी लावलेला टेप भिंतीत उतरायलाच वेळ लावतो. तेव्हा दुपारी लावावा. लावल्यावर तळहाताने नुसतं थोपटून भागत नाही, पट्टीच्या संपूर्ण लांबीवर अंगठ्याने किंवा रोलरने रेटून दाबावं लागतं. अ‍ॅक्रिलिक टेपला वीस मिनिटांत निम्मी पकड येते, एका दिवसात नव्वद टक्के, आणि पूर्ण यायला ७२ तास. शक्य असेल तेव्हा पाठीचा पत्रा शनिवारी लावून मंगळवारी त्यावर वजन टाकावं.

ऊन आणखी एक काम करतं. एक मीटर लांबीचा अ‍ॅक्रिलिकचा बोर्ड पहाटेपासून दुपारपर्यंत ३० अंशांनी तापला तर सुमारे दोन मिलिमीटर वाढतो. भिंत मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढीच. अ‍ॅरल्डाइटसारख्या कडक गोंदाने तो जखडला तर काहीतरी तुटतं किंवा बोर्ड मधून फुगतो. मिलिमीटरभर जाडीचा मऊ फोम मात्र ही रोजची ये-जा स्वतःच्या अंगावर घेतो. टेपची जाडी असते ती यासाठी.

पट्ट्या उभ्या लावाव्यात, म्हणजे पावसाळ्यात मागे उतरलेलं पाणी अडकत नाही, आणि त्या वरच्या कडेपर्यंत न्याव्यात. सरळ खाली ओढलं तर टेपचं सगळं क्षेत्रफळ एकत्र झुंजतं; वरचा कोपरा सुटून बाहेर आला की सगळा ताण एका बारीक रेषेवर येतो आणि टेप सोलत जातो. ज्या बोर्डामागे पंख्याचा वारा शिरतो तो बहुधा वरूनच उघडतो.

ट्यूबमधल्या गोंदांचं गणित वेगळं आहे. १९५९ पासून सुतारांच्या हातात असलेला फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद पाणी निघून गेल्यावर बांधतो. लाकूड ते पाणी पिऊन घेतं, पण एकीकडे प्लॅस्टिक पेंट आणि दुसरीकडे अ‍ॅक्रिलिक असेल तर पाण्याला वाटच नसते. सिलिकॉन उलट हवेतली वाफ घेऊन पिकतं, तेही बाहेरून आत, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात त्याहून सावकाश. म्हणून ते थापायचं नसतं, अंतर सोडून उभ्या रेघांत द्यायचं. आणि ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते चुन्याच्या किंवा सिमेंटच्या भिंतीला लावू नये. तो वास अ‍ॅसिटिक आम्लाचा. ते चुन्याशी झुंजून मधेच कॅल्शियम अ‍ॅसिटेटचा भुसभुशीत थर तयार करतं. ट्यूबवर ‘न्यूट्रल’ लिहिलेलं बघून घ्यावं. थर्मोकोलच्या अक्षरांना रबरी गोंद लावणाऱ्यांनी तर आधी एका कोपऱ्यावर थेंब टाकून बघावा, त्यातलं द्रावक थर्मोकोल खाऊन टाकतं.

काचेची चौकट, लाकडी फळा, लोखंडी पाटी यांच्याखाली कुणी बसत असेल तर ड्रिल आणि स्क्रूच. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट पाहिलेल्या लातूर जिल्ह्याला डोक्यावरच्या वजनाबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. त्या भूकंपात किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगडांना मातीने जोडलेल्या जाड भिंती आणि त्यांवरची माळवदं कोसळली; दगड मजबूत होते, त्यांना बांधणारी माती कच्ची होती.

बोर्ड काढायची वेळही येते, अधिकारी बदलतात, फी बदलते. तेव्हा ओढू नये, नाहीतर पुट्टीसकट येतो. हेअर ड्रायरने कडा दोन-तीन मिनिटं गरम करावी, मासेमारीची नायलॉन दोरी बोर्ड आणि भिंत यांच्यामध्ये घालून करवतीसारखी मागेपुढे चालवावी. फोम मधून कापला जातो. भिंतीवर उरलेला चिकट थर गार झाल्यावर अंगठ्याने चोळला की त्याच्या वळकट्या होऊन निघतात, आणि जागा नव्या बोर्डासाठी तयार होते.