काटा बंद पडला, पण आकडे फिरतात का?

माझ्याकडे १९९४ सालची शंभर सीसीची मोटारसायकल आहे. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत असताना घेतली. आता मी निवृत्त झालो, ती अजून नोकरीवर आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या स्पीडोमीटरचा काटा शून्यावर जाऊन पडला. घरच्यांनी दुरुस्त करून घ्या म्हणून सांगितलं. मी म्हणालो, "इतकी वर्षं चालवतोय, इंजिनाच्या आवाजावरून वेग कळतो मला." आणि तीन महिने तसाच हिंडलो.

एका रविवारी पुण्याहून वाईला निघालो. मागे नात बसली होती आणि भाचा त्याच्या गाडीवर मागून येत होता. खंबाटकी घाट उतरून सुरूर फाट्यावर वळलो आणि वाईच्या रस्त्याला लागलो. वेग कमी केलाय, तिशीत असेन, अशी माझी समजूत. पुढच्या एका वळणावर बारीक खडी पसरलेली होती. मागचं चाक सरकलं. गाडी कशीबशी सावरली, पडलो नाही. नातीनं मात्र माझा शर्ट जो धरला तो वाईपर्यंत सोडला नाही. उतरल्यावर भाचा म्हणाला, "मामा, तुमच्या मागं येताना माझा काटा पन्नासच्या वर होता."

यात माझ्या कानाचा दोष फारसा नव्हता. बराच वेळ वेगानं गेल्यावर डोळे आणि कान त्या वेगाला सरावतात, आणि मग कमी केलेला वेग आहे त्याहून फारच कमी वाटतो. हायवेवरून गावच्या रस्त्याला लागताना नेमकं हेच होतं. तिशीऐवजी पन्नासनं जाणाऱ्या गाडीला ब्रेक लावून थांबायला जवळजवळ पावणेतीन पट अंतर लागतं. काटा बघायचा तो एवढ्यासाठी. शिवाय जुन्या मोटारसायकलींपैकी अनेकींना पेट्रोलचा काटा नसतो. पेट्रोल कधी भरायचं आणि इंजिनाचं ऑइल कधी बदलायचं, हे आपण किलोमीटरच्या आकड्यांवरून ठरवतो. ते आकडे थांबले की हा सगळा हिशेबही थांबतो.

दुसऱ्या दिवशी गाडी एका गॅरेजात नेली. तिथं नवं मीटर बसवून दिलं. घरी येताना पाहिलं तर नवा काटाही शून्यावरच! मग आमच्या पेठेतल्या एका जुन्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी पान्ह्याला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारला, "सर, काटा बंद आहे, पण आकडे फिरतात का?"

हा प्रश्न किती नेमका आहे ते कळायला मीटरचं काम कसं चालतं ते पाहू. जुन्या गाड्यांपैकी बहुतेकींत पुढच्या चाकाच्या हबजवळ एक लहान गिअर असतो, त्याला मेस्त्री लोक 'मीटर वर्म' म्हणतात. चाक फिरलं की तो फिरतो आणि मीटरच्या केबलमधली पिळाची तार फिरवतो. तारेचं वरचं टोक मीटरमध्ये शिरतं. तिथं एकाच फिरणाऱ्या दांड्यावर दोन कामं होतात. एक, बारीक गिअरमार्फत किलोमीटरचे आकडे पुढे सरकतात. दुसरं, दांड्यावरचं लोहचुंबक फिरतं आणि काट्याला हलवतं.

हे दुसरं काम गमतीचं आहे. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक वाटी असते आणि काटा त्या वाटीला जोडलेला असतो. वाटी चुंबकाला कुठंही टेकलेली नसते, आणि ॲल्युमिनियम तर चुंबकाला चिकटतही नाही. पण चुंबक फिरलं की वाटीत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह तयार होतात आणि त्यांच्यामुळे वाटी चुंबकामागं ओढली जाते. घड्याळात असते तशी एक बारीक स्प्रिंग तिला मागं खेचून धरते. वेग जितका जास्त, तितकी ओढ जास्त आणि काटा तितका पुढे. जर्मनीच्या ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये याचं पेटंट घेतलं. हे प्रवाह मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवले, पण स्वतःच्या गाडीचं मीटर बंद पडल्यावर मला त्यांची आठवण झाली नाही!

आता मेस्त्रींचा प्रश्न पुन्हा पाहा. काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील, तर बिघाड बहुधा दोघांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे वर्ममध्ये किंवा केबलमध्ये असतो. मीटर बदलून उपयोग नाही. आकडे फिरतात पण काटा हलत नाही, तर वाटी, स्प्रिंग किंवा काटा अडकलाय. दोष मीटरच्या आत आहे. काटा चालतो पण आकडे थांबलेत, तर आकड्यांचे गिअर झिजलेत. काटा थरथरत असेल, तर केबल कोरडी पडली आहे किंवा कुठंतरी जास्त वाकली आहे. गाडी उभी असूनही काटा शून्यावर येत नसेल, तर स्प्रिंगकडे किंवा काट्याच्या अडकण्याकडे संशय जातो. आणि काटा एकदम भलताच वेग दाखवू लागला, तर केबलमधलं ग्रीस किंवा तेल वर चढून वाटीपर्यंत पोचलेलं असू शकतं.

माझ्या गाडीचं दोन्ही बंद होतं. मेस्त्रींनी पुढची तपासणी केली, ती घरीही करता येते. इंजिन बंद ठेवून गाडी मधल्या स्टँडवर लावायची, एकानं मागून दाबून पुढचं चाक उचलून धरायचं. केबलचं वरचं टोक मीटरपासून सोडवायचं आणि चाक हातानं फिरवायचं. आतली तार फिरत असेल, तर चाकापासून तिथपर्यंत सगळं ठीक, दोष मीटरचा. फिरत नसेल, तर केबल खालूनही सोडवून तार बाहेर काढून पाहायची. ती तुटलेली असेल किंवा तिची चौकोनी टोकं झिजून गोल झाली असतील, तर केबल बदलायची. तार धड असेल, तर उरतं ते वर्म.

माझी तार धड होती. मेस्त्रींनी विचारलं, "मधे पंक्चर काढलं होतं का?" काढलं होतं, बरोबर तीन महिन्यांपूर्वी! वर्मच्या चकतीला दोन कान असतात, ते हबच्या खाचांत बसावे लागतात. चाक परत घालताना ते खाचेत बसले नव्हते आणि नट आवळल्यावर दाबून वाकले होते. चाक फिरत होतं, वर्म जागेवरच. एक लहानसा भाग बदलला, जुनं मीटर परत बसवलं आणि काटा उठला. म्हणून पुढचं चाक काढून बसवलं की चार पावलं गाडी ढकलून काटा किंवा आकडे हलतात का आणि पुढचा ब्रेक नीट लागतो का, एवढं तिथल्या तिथं पाहावं.

केबलला ग्रीस लावायचं तर खालच्या भागाला, तेही हलक्या हातानं. वरची चार-पाच इंच तार कोरडीच ठेवावी.

काटा चालू झाला म्हणजे तो खरंच बोलतो असं नाही. मोकळ्या रस्त्यावर काटा साठवर स्थिर ठेवावा आणि मागे बसलेल्यानं किलोमीटरच्या दोन दगडांमधला वेळ मोजावा. एक मिनिट लागलं तर मीटर अचूक आहे. आता मोबाईलच्या जीपीएसवरही हा ताळा घेता येतो. मीटरनं थोडा जास्त वेग दाखवला तर चालतं. कमी दाखवणारं मीटर मात्र धोक्याचं.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर चक्कर मारताना आकड्यांवर नजर ठेवावीच. दोन किलोमीटर जाऊनही आकडा हलला नाही, तर मीटरवरच्या 'कमी चाललेल्या' किलोमीटरवर विश्वास ठेवू नये.

परवा नात पुन्हा मागे बसली. निघण्याआधी तिनं खांद्यावरून वाकून पाहिलं आणि विचारलं, "आजोबा, काटा चालू आहे ना?" मी गाडी चार पावलं पुढे ढकलून तिला आकडे दाखवले. मगच आम्ही निघालो.